रानमेव्याचा नकाशा

जेरुसलेम
१२ जुलै २००४

प्रिय गेनेमावशी,

तुला फोन करण्यात अर्थ नाही. कान गेल्यापासून तू काहीही विचारलं तरी "हो, हो, जेवले" एवढंच सांगतेस. म्हणून पत्र.

इथे उन्हाने डोकं फिरायची वेळ आलीये आणि आम्ही मात्र दिवसभर संग्रहालयाच्या थंडगार दालनांत. आपल्या देशातले वीसेक शिक्षक आहोत. जर्मनांच्या काळात ज्यूंचं जे झालं ते मुलांना कसं शिकवायचं, त्यासाठी हा अभ्यासदौरा. खरं सांगायचं तर निम्मे जण समुद्रात डुंबायला मिळेल म्हणून आलेत, आणि येताना मीही त्यातलीच होते. सुरुवातीला आम्ही मुकाट्याने आकडे वहीत उतरवून घेतले. मग एका मास्तरांना राहवेना. म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण आमची माणसं सायबेरियात मेली त्याचं काय?" शिकवायला फेइगाबाई होत्या, मूळच्या आपल्याकडच्या, काउनासच्या. त्या म्हणाल्या, "माझा भाऊ सायबेरियातच मेला. विचारा ना, काय विचारायचंय?" मास्तर खाली बसले.

या फेइगाबाई ऐंशीच्या घरात आहेत, पण आपली भाषा बोलतात ती शाळकरी पोरीसारखी. ज्या वयात सुटली त्याच वयाची राहिलीये. काल त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, "तुमच्या गावात ज्यू होते?" मी म्हटलं, हो, आमच्या बेर्झुपेत बाजाराभोवतीची सगळी घरं त्यांचीच होती. "आता कुठे आहेत?" मी म्हटलं, जंगलाच्या रस्त्याला स्मारकाचा दगड आहे, दरवर्षी मुलांना घेऊन तिथे मेणबत्त्या लावते. "ते त्या दगडाखाली आहेत का?"

मावशी, वीस वर्षं इतिहास शिकवतेय मी, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या की असे दगड रशियनांनी बस वळवायला जागा असेल तिथे ठेवले. आपल्या गावचा एकच माणूस वाचला होता म्हणे. त्याने इथे येऊन सांगून ठेवलंय ते एवढंच, की जंगलात, ओढ्याजवळ. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना एकच काम दिलं. घरी जा आणि कुठे ते शोधा. आकडे आम्ही ठेवलेत, म्हणाल्या.

तुला माहीत नसेल, पुढच्या वर्षी महामार्गासाठी आपल्या जंगलात वाळूची खाण उघडणार आहेत, जुन्या लाकूडगिरणीच्या बाजूला. जागा कळली तर कायद्याने काम थांबवता येतं. नाही कळली तर यंत्राचा दात कुणाच्या अंगात घुसेल ते देवालाच ठाऊक. माझी आई तेव्हा पाळण्यात होती, आजोबा आता नाहीत, आणि गावातल्या म्हाताऱ्या या विषयावर दाताला दात लावून बसतात. तू नऊ वर्षांची होतीस. कुठे, एवढंच सांग.

तुझी
योलिता


क्लाइपेडा
२७ जुलै २००४

योलिता, बाळा,

पत्र मिळालं. एवढ्या लांब गेलीस तर टोपी घालत जा, लहानपणापासून तुझं नाक सोलतं.

तू विचारतेस ते मला ठाऊक नाही. आम्हाला घरात कोंडून ठेवलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला कोण काय सांगतं? पुढे रशियन आले, मग आपली माणसं गाड्यांत भरून नेली. माझ्या वर्गातल्या दोघी तिकडे बर्फात मेल्या. त्यांच्यासाठी कुणी मला परदेशात नेऊन थंड दालनात बसवलं नाही. तुझे ते मास्तर लवकर खाली बसले असं मला वाटतं.

आणि तुला तिथे काय शिकवतात ते मला कळेना. तुझी आई गेल्यावर ज्या माणसाने तुला वेणी घालायला शिकवली, तुझ्या तापात रात्र रात्र बसला, त्याचं गाव तू आता उकरत फिरणार? तुझ्या आजोबांसारखा माणूस त्या गावात दुसरा नव्हता, हे तूच सांगत असतेस. मग त्यांना निवांत झोपू दे.

दगड आहे तिथे मेणबत्ती लाव. देवाला पत्ता लागतो.

तुझी
गेनेमावशी


बेर्झुपे
१९ सप्टेंबर २००४

प्रिय मावशी,

रागावलीस तर रागाव, पण मला एक युक्ती सुचलीये आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एकेचाळीस साल म्हटलं की आपल्या म्हाताऱ्या मुक्या होतात. पण रानमेव्याचं विचार, थांबता थांबत नाहीत. कुठली अळंबी कुठे उगवतात, निळी फळं कुठे दाट आहेत, कुणी कुणाची जागा पळवली, सगळं तोंडपाठ. म्हणून मी नववीच्या मुलांना गृहपाठ दिला. घरी आजीला, पणजीला विचारा, तुम्ही जंगलात कुठे कुठे जायचात आणि कुठे कधीच जायचा नाहीत. प्रत्येकाला जंगलाचा एकेक नकाशा दिला. जातात तिथे रंग भरायचा, नाही तिथे कोरं ठेवायचं.

मग सगळे नकाशे काचेवर एकावर एक ठेवले. ओढ्यापलीकडची रासबेरीची उतरण सगळ्यांत गडद, तिथे सगळं गाव जातं. बाकी कुठे कमी, कुठे जास्त. आणि लाकूडगिरणीमागे एक कोरा तुकडा, अंगणाएवढा. एकाही घराने तिथे रंग भरला नव्हता. का जात नाही असं विचारल्यावर कुणाची आजी म्हणाली साप आहेत, कुणाची म्हणाली तिथली फळं कडू. एका मुलीच्या पणजीने उत्तरच दिलं नाही, नुसती थोबाडीत दिली. साठ वर्षं सगळ्या गावाचे पाय त्या जागेला वळसा घालतायत, मावशी, आणि हल्लीच्या पिढीला तर का तेही माहीत नाही.

जागा ओढ्याजवळच आहे. खाणही नेमकी तिथेच होणार आहे. फेइगाबाईंना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, "छान. पण जी व्यक्ती तिथे होती तिला विचार." घाई करू नको म्हणतात. घाई कशी नको करू, जिल्ह्याची माणसं पुढच्या महिन्यात खुंट्या ठोकायला येतायत.

तू काही सांगू नकोस. फक्त हो किंवा नाही म्हण. गिरणीमागे जायला आजी तुम्हाला मनाई करायची का?

योलिता


क्लाइपेडा
२ ऑक्टोबर २००४

योलिता,

हो. आई आम्हाला गिरणीमागे जाऊ द्यायची नाही. एकदा मी तिथली फळं आणली तर तिने टोपलीसकट चुलीत घातली.

आता झालं ना तुझं समाधान? यापुढे मला या विषयावर लिहू नकोस. छातीत दुखतं.

मावशी


बेर्झुपे
४ नोव्हेंबर २००४

प्रिय मावशी,

लिहू नकोस म्हणालीस, पण हे तुझ्याचमुळे झालं, तर तुला कळवायला नको का?

तुझ्या त्या दोन ओळींनी काम झालं. तुझं नाव घेतलं नाही, भिऊ नकोस. मुलांचा नकाशा घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेले, आणि आमच्या मुख्याध्यापिका रेगिनाबाई, ज्या एरवी खडू मागितला तरी कपाळाला आठ्या घालतात, त्याही बरोबर आल्या. गिरणीमागची जागा कुंपण घालून सोडली. परवा मृतांच्या दिवशी सगळी शाळा तिथे गेली. सुतारकामाच्या मास्तरांनी हौसेने ओकचा मोठा क्रूस केला होता, कोरीवकाम आणि सगळं. ऐन वेळी माझ्या लक्षात आलं की अरे, ही माणसं ज्यू होती. मग तो झाडामागे नेऊन ठेवला. पाद्री थोडे फुगले, पण प्रार्थना केली. मेणबत्त्या इतक्या होत्या की झाडांचे बुंधे उजळले होते. एका मुलाने विचारलं, "बाई, आता त्यांना कळलं असेल का, की आपण त्यांना शोधलं?" मी रडले. मुलांसमोर वीस वर्षांत पहिल्यांदा.

फेइगाबाईंना फोटो पाठवलेत. त्या वसंतात येईन म्हणतात.

आणि खाण आता ओढ्यापलीकडे जाणार, रासबेरीच्या उतरणीवर. तिथे भोकं पाडून बघितली तर इंजिनिअर एकदम खूश. असली कोरडी, स्वच्छ वाळू जिल्ह्यात कुठे नाही, आणि पाणी लागतच नाही म्हणे, कितीही खाली जा. मला आजोबांची आठवण आली. जिल्हाभर विहिरी खणलेला माणूस, नुसती मूठभर माती हुंगून सांगायचे. त्या पोराला यंत्राने जे कळलं ते त्यांनी बसल्या जागी सांगितलं असतं.

आज मला ते असायला हवे होते असं फार वाटतं.

तुझी
योलिता


क्लाइपेडा
१० डिसेंबर २००४

योलिता, बाळा,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी नव्हती. शेजारीण सूप आणून देते, मीठ घालायचं विसरते.

मी विचार करत होते. ती खाण ओढ्यापलीकडे नको. रासबेरी सगळी जाईल, गावाला हिवाळ्यात तापावरच्या काढ्याला काय मिळेल? आणि तिथे खणलं तर खालच्या घरांच्या विहिरी आटतील, बाबा नेहमी म्हणायचे. त्या इंजिनिअरला सांग. दुसरीकडे वाळू नाही का? एवढा मोठा देश आहे.

यंत्र कधी येणार ते मला कळव. नक्की तारीख कळव.

नाताळच्या आदल्या रात्री एकटी बसू नकोस, रेगिनाबाईंकडे जा. मी येऊ शकणार नाही, पाय चालत नाहीत.

मावशी


बेर्झुपे
९ जानेवारी २००५

माझी लाडकी मावशी,

तू पन्नास वर्षं झाली गाव सोडून. एकदाही राहायला आली नाहीस, आईच्या अंत्यविधीलाही दुपारच्या बसने आलीस आणि संध्याकाळच्या बसने गेलीस. आणि आता रासबेरीसाठी जीव तुटतोय? म्हातारपणी गावाची ओढ लागते म्हणतात ते खरं दिसतंय.

विहिरींचं मी इंजिनिअरला विचारलं. तो हसला. रासबेरीचं विचारलंच नाही, माझीच लाज गेली असती. एकदा त्यांनी माझं ऐकून जागा बदलली, आता पुन्हा गेले तर हाकलून देतील. यंत्र ईस्टरनंतर येणार, तेवढीच काय ती मुदत. येत्या उन्हाळ्यात त्या उतरणीवरची रासबेरी मिळणार नाही, हे खरं. पण गिरणीमागची माणसं वाचली ना, मावशी. म्हणजे वाचली नाहीत, पण तुला कळतंय मला काय म्हणायचंय.

बरं वाटत नसेल तर स्पष्ट लिही, मी रजा काढून येते.

योलिता


बेर्झुपे
६ एप्रिल २००५

मावशी,

मधे तुझं काहीच पत्र नाही. यंत्र ईस्टर संपताच आलं. पहिली वाळू ठेकेदाराने सगळ्यांना खूश करायला म्हणून आमच्या शाळेला दिली, लांब उडीच्या खड्ड्यासाठी. रेगिनाबाईंनी आभाराचं भाषण केलं.

सोमवारी व्यायामाचे मास्तर विडास खड्डा सारखा करत होते. दंताळ्याला काहीतरी अडकलं. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून शिक्षकांच्या खोलीत आणलं आणि टेबलावर उघडलं. आम्ही चहा घेत होतो. एक कंगवा होता, बारीक दातांचा, बायका घालतात तसा. आणि हाडं. विडास म्हणाले, कोंबडीची असतील. पण जीवशास्त्राच्या बाई उठून बाहेर गेल्या.

आदल्या आठवड्यात पाचवीच्या मुलांनी त्या खड्ड्यात उड्या मारल्यात.

मी धावत उतरणीवर गेले. यंत्र चालूच होतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले, तेव्हा कुठे थांबलं. कापलेल्या कडेला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे आणि ते तुला लिहिणार नाही.

मग गिरणीमागे काय आहे? आम्ही मेणबत्त्या कुणाला लावल्या? तू डिसेंबरात तारीख विचारत होतीस. तुला ठाऊक होतं. मावशी, तुला काय काय ठाऊक आहे?

योलिता


क्लाइपेडा
११ एप्रिल २००५

योलिता,

गिरणीमागे घोडी आहेत. जर्मनांच्या घोड्यांना रोग लागला होता, त्यांना तिथे गोळ्या घालून पुरलं. म्हणून आई तिथली फळं खाऊ देत नसे. मेलेल्या घोड्यांवर उगवलेलं आम्हाला चालत नव्हतं.

मी तुला खोटं सांगितलं नाही, असं मी सगळा हिवाळा स्वतःला सांगत होते. तू मनाई होती का विचारलंस, मी हो म्हटलं. मला वाटलं, कुठेतरी मेणबत्ती लागेल, तुझा जीव शांत होईल आणि बाबा सुटतील. नोव्हेंबरातलं तुझं पत्र वाचलं तेव्हा खाण कुठे हलवली ते कळलं. शेजारणीला सांगून तुला फोन करवला असता. दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. तिच्या तोंडून हे कसं सांगायचं ते मला कळलं नाही, आणि दिवस जात राहिले. आता ऐक.

ऑगस्ट होता, शेतातल्या राय धान्याची कापणी झाली होती. दंडाला पांढरी पट्टी बांधून जर्मनांना मिळालेली आपलीच पोरं घरी आली. बाबा अंगणात दोर वळत होते. म्हणाले, येरोनिमास, तुला जमीन कळते, अशी जागा सांग की कोरडी आहे, मऊ आहे आणि खाली पाणी लागत नाही. सैन्याचे बटाटे ठेवायचे आहेत. बाबांनी ओढ्यापलीकडची उतरण सांगितली. तुझ्या इंजिनिअरला आवडली तीच वाळू. मग त्यांना आणि आणखी काही जणांना फावडी घेऊन यायला सांगितलं.

बाबांना माहीत होतं का, हे तू विचारशील. पहिल्या दिवशी नव्हतं. रात्री घरी आले ते जेवले नाहीत. आईला म्हणाले, बटाट्यांसाठी एवढा लांब खड्डा कुणी खणत नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी माहीत होतं. आणि ते दुसऱ्या दिवशीही गेले. नाही गेले तर तुला त्याच खड्ड्यात घालू, असं त्यांना सांगितलं होतं का? कदाचित. मी ते ऐकलं नाही. मला तसं म्हणायला आवडेल, पण मी ऐकलं नाही.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी आईने मला ताकाचं भांडं आणि भाकरी देऊन पाठवलं. तिलाही कळलं नव्हतं की ते तेव्हाच होणार आहे. मी ओढा ओलांडला आणि समोर सगळा बाजार उभा होता. सगळी ओळखीची माणसं, आतल्या कपड्यांवर. बेकरीवाल्याची ब्रोखा, माझ्या बाकावर बसणारी, तिच्या आईचा हात धरून. तिला मी दिसले. तिने मान फिरवली, जशी आमची भांडणं झाली की फिरवायची. मला एवढंच वाटलं की मी हिचं काय केलं? मग बाबा धावत आले, माझं तोंड त्यांनी स्वतःच्या सदऱ्यात दाबून धरलं आणि तसंच धरून ठेवलं. आवाज ऐकू येत होते. मग त्यांनी मला घराकडे ढकललं आणि परत गेले, कारण बुजवायचंही त्यांनाच होतं.

त्यानंतर बाबांनी एकही विहीर खणली नाही. लोकांना सांगायचे, पाठ गेली. पाठीला काही झालं नव्हतं.

पुढे तिथे रासबेरी माजली. उकरलेल्या जमिनीवर ती माजतेच. आणि सगळं गाव तिथे जाऊ लागलं, आम्हीसुद्धा. तुझ्या नकाशात तीच जागा सगळ्यांत गडद का, ते आता तुला सांगते. तिथे न जाणं म्हणजे आपल्याला माहीत आहे असं दाखवणं. म्हणून सगळे गेले. ज्यांना माहीत होतं ते आधी गेले. बाबांनी तुलाही तिथे नेलं आहे.

सतराव्या वर्षी मी गाव सोडलं ते लग्नावरून भांडून नाही, तसं सगळे म्हणत असले तरी. मला त्या घरात भाकरी गिळता येत नव्हती. आणि तरी माझं त्यांच्यावर प्रेम होतं. तुझ्याइतकंच.

गेने


बेर्झुपे
१७ एप्रिल २००५

मावशी,

तुझं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय.

मला आठवतं. त्या उतरणीवर ते मला खांद्यावरून उतरवायचे, टोपली हातात द्यायचे आणि स्वतः कडेला उभे राहायचे. टोपी काढून. मी विचारलं होतं, तुम्ही का नाही तोडत? म्हणाले, पाठ वाकत नाही, आणि ऊन आहे म्हणून टोपी काढली. उन्हात कुणी टोपी काढतं का, हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही. मी इतिहासाची शिक्षिका.

काम तात्पुरतं थांबलंय. राजधानीतून माणसं आली आहेत, ती म्हणतात खड्डा मोठा आहे पण कुठून कुठपर्यंत ते कळत नाही, आणि नुसत्या हाडांवर ठेकेदार गप्प बसणार नाही. तो सगळ्यांना सांगतोय की याच बाईंनी मागच्या वर्षी नकाशा नाचवत दुसरी जागा दाखवली, आता म्हणतात ही, उद्या तिसरी दाखवतील. त्यांना साक्षीदार हवाय, नावासकट. जो म्हणेल की मी इथे होतो, इथून इथपर्यंत.

शाळेच्या खड्ड्यातली वाळू चाळून काढली. रस्त्याच्या भरावात गेलेल्या वाळूच्या गाड्यांबद्दल कुणी बोलत नाही.

आता मला जे लिहायचंय ते वाचून तू माझ्यावर थुंकशील. रेगिनाबाई म्हणाल्या, "मावशींची साक्ष घे, पण आजोबांचं नाव कशाला आणतेस? गावाला त्यांच्याच विहिरींचं पाणी आहे. 'एका माणसाने जागा दाखवली' एवढं पुरे." आणि मावशी, मला हायसं वाटलं. मी, जिने नववीच्या पोरांना घरी जाऊन म्हाताऱ्यांना खोदून विचारायला लावलं. ज्या मुलीने थोबाडीत खाल्ली तिला मी शाबास म्हटलं होतं. आणि स्वतःच्या घरावर आलं तर मला वाटतं, एक नाव गाळलं तर काय बिघडलं? मेलेल्यांना फरक पडत नाही, ते सापडले ना?

परवा वर्गात गेले. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलं विचारत होती, बाई, कुणी दाखवलं त्यांना ती जागा? मी म्हटलं, माहीत नाही. फेइगाबाई पुढच्या आठवड्यात येतायत. त्यांनाही मी हेच सांगणार आहे का?

तुझी साक्ष मी लिहून काढलीये, तुझ्या पत्रावरूनच. त्यात "माझे वडील" आहे तिथे "गावातला एक माणूस" असं केलंय. तू फक्त सही करून पाठव. मला वाईट समजू नकोस. तुझ्याजवळ निदान एक आई होती. मला तेवढे एकटेच होते.

योलिता


क्लाइपेडा
२१ एप्रिल २००५

योलिता, बाळा,

तू पाठवलेला कागद मी फाडला. रागाने नाही. तो खोटा आहे म्हणून.

थुंकायचं कशाला? तू आत्ता करतेस तेच मी आयुष्यभर केलं. तुला आठवडा झाला, मला तेव्हापासून जन्म गेला. त्याने काय झालं ते तू उडीच्या खड्ड्यात बघितलंस. मी एक माणूस झाकायला गेले आणि ती सगळी पुन्हा उकरली गेली. आता "गावातला एक माणूस" लिहिलं तर गावातली प्रत्येक पोर आपल्या आजोबांकडे बघत बसेल, हाच तो का म्हणून. ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याकडेसुद्धा. ते बरं का?

त्यांनी तुला वेणी घालायला शिकवलं हे खरं आहे. त्यांनी जागा सांगितली हेही खरं आहे. मी या दोन्हींचं काही करू शकले नाही, तुलाही करता येणार नाही. पण दोन्ही सांगता येतात, आणि सांगायला आता मी एकटीच उरलेय.

शनिवारच्या बसने येते. पायांचं मी तुला खोटं सांगत होते, चालतात. स्टँडवर ये, आणि जाड बूट आण, उतरणीवर चिखल असेल. कुठून कुठपर्यंत ते मी स्वतः चालून दाखवीन. राजधानीच्या माणसांना म्हणावं लिहून घ्या, येरोनिमास, विहिरी खणणारा, बेर्झुपे, आणि ही त्याची थोरली मुलगी. ज्या घरांची नावं मला येतात तीही सांगेन. सगळी येत नाहीत. ब्रोखाचं आडनाव मला आठवत नाही, ते तुझ्या त्या फेइगाबाईंना विचारायचंय.

नंतर मला तुझ्या वर्गात ने. मुलांनी विचारलंय ना, तर त्यांना उत्तर द्यायला हवं. फळ्याकडे तोंड करून उभी राहू नकोस. तुला उभं राहवत नसेल तर मुलांमध्ये जाऊन बाकावर बस. मी सांगते.

तुझी
गेनेमावशी